कोटाचं बटण

१० फेब्रुवारी, शनिवार

काढला. काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ नक्की माहीत आहे, कारण ऑपरेशनच्या दाराबाहेर समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. घड्याळ! दुसरं काही मिळालं नाही यांना टांगायला.

बटण नव्हतंच. सेल होता. गुरुवार दुपारपासून शुक्रवार सकाळपर्यंत माझ्या भिंगरीच्या अन्ननलिकेत सेल अडकून बसला होता आणि मी तिला पाणी पाजत होते, केळं कुस्करून भरवत होते. सव्वातीन वर्षांची पोर. लाळ गळत होती, घास थुंकत होती — मी म्हणत होते, नाटकं करू नकोस!

सकाळी थुंकीत रक्त दिसलं तेव्हा उचलून दवाखान्यात पळाले. तिथे सांगितलं, "कोटाचं बटण गिळलंय, चकचकीत, पितळी." सध्या शाळेच्या बँडचे कोट शिवतेय ना मी. चाळीस कोट, एकेकाला आठ बटणं. दुसरं काय येणार डोक्यात? डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवून उभ्याच राहिल्या. "बटणाच्या मागे कडी असते ना? इथे कडी कुठाय? आणि ही कड बघा, गोलाच्या आत अजून एक गोल. सेल आहे हा. कधी गिळला?" मी म्हटलं, काल दुपारी. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन उचलला. मग सगळे पळायलाच लागले.

मला 'बटण' कुणी सांगितलं? सासऱ्यांनी. गुरुवारी माझ्या मशीनपाशी येऊन, स्वतःच्या तोंडानं — "छोटीनं बटण गिळलंय." जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल, टेबलावर डब्यांतून सेलच सेल. आणि मला म्हणे बटण! आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून.

आजपासून या वहीत त्यांना बाबा म्हणायचं नाही. म्हातारा.

११ फेब्रुवारी

नाकातून नळी. रडते, पण आवाज येत नाही. तोंड नुसतं उघडं. यापेक्षा किंचाळली असती तर बरं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी आज बसवून समजावलं. मला वाटत होतं सेल फुटतो, त्यातलं काहीतरी गळतं. तसं नाही. अख्खा सेलसुद्धा भाजतो. ओल्या जागी अडकला की त्यातून करंट सुरू होतो आणि दोन तासांत आतली कातडी जळायला लागते. दोन तास! भिंगरीच्या गळ्यात तो वीस तास होता. काढल्यावरही जखम खोल जाऊ शकते, म्हणून अजून काही आठवडे डोळ्यात तेल घालून बघायचं. रक्त दिसलं, काळी शी झाली, की तडक यायचं.

नर्स म्हणाली, "गिळल्या गिळल्या निघायचं असतं. वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध चाटवायचा, वर्षाच्या वरचं मूल असेल तर. बाकी खायला काही नाही, उलटी करवायची नाही. आणि मधासाठी थांबायचंसुद्धा नाही." मध आमच्या फळीवर आहे. अर्धी बाटली. म्हाताऱ्यानं खरं सांगितलं असतं तर बाटली काखोटीला मारून पळाले असते मी.

सेल एका छोट्या प्लास्टिकच्या बरणीत घालून दिला त्यांनी. एका बाजूनं काळाठिक्कर. पर्समध्ये ठेवलाय. त्याचा उपयोग करणार आहे मी.

१६ फेब्रुवारी

म्हातारा आला होता वॉर्डात. हातात एक घड्याळ, मोठ्या आकड्यांचं, भिंगरीसाठी काटे रंगवून आणलेलं. एक काटा लाल, एक निळा. मी दारातच अडवला. म्हटलं, "आता कशाला? बटण शोधायला?"

नवरा मध्ये पडला — "अगं, बाबांचं ऐकून तरी घे." म्हटलं, ऐकवा! म्हातारा म्हणाला, "चुकलं माझं." बस्स. एवढंच. वीस तास जळलेल्या गळ्याला दोन शब्द. ते घड्याळ मी घेतलं नाही. तो जिन्यावरून खाली जाताना एकेका पायरीवर थांबत होता, गुडघा धरून. मला दया येईल असं वाटलं असेल त्याला. आली नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

घरी आलो. नळी निघाली. पातळच द्यायचं, तेही थंड करून, चमच्याचमच्यानं.

आल्या आल्या पहिलं काम केलं. ती बरणी नेऊन म्हाताऱ्याच्या टेबलावर ठेवली, बरोबर मधोमध. म्हटलं, "ओळख पटते का?" त्यानं डोळ्याला भिंग लावलं, बरणी उचलून उजेडाकडे धरली. कितीतरी वेळ बघत होता. वळवून वळवून. मला वाटलं आता रडेल. रडला नाही. भिंग काढलं, बरणी परत जागेवर ठेवली आणि म्हणाला, "चुकलं माझं." पुन्हा तेच! मूग गिळून बसण्याची कला यांच्याकडून शिकावी.

थोड्या वेळानं बघते तर म्हातारा माझ्या खोलीत. माझ्या मशीनशी वाकून काय बघत होता कोण जाणे. मी ओरडले, "त्या खोलीत पाय ठेवायचा नाही!" गेला निमूट.

बरणी रोज सकाळी त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवणार आहे. रोज!

२२ फेब्रुवारी

तपासणी. तीन तास रांगेत. ठीक आहे म्हणाल्या. आवाजाचं विचारलं तर "बघू या."

२४ फेब्रुवारी, शनिवार

बँडचे कोट राहिलेत अकरा. शाळेचे सर दोनदा येऊन गेले, चांगला माणूस, "सवडीनं द्या" म्हणाला. आज मशीनवर बसले तर मशीनला अडकवलेला चिमट्याचा दिवा लागेना. सुई ओवताना तोच लागतो मला, चाळिशीनंतर डोळे काही पूर्वीचे नाहीत. मेला तोही. घरातली एकेक वस्तू उलटलीय माझ्यावर.

पण वाईटातून एक चांगलं सुचलं. नवऱ्याला म्हटलं, दिवा लागत नाही, मला उजेड हवा, माझं मशीन खिडकीपाशी न्यायचं. "आणि बाबांचं टेबल?" म्हटलं, आतल्या कोपऱ्यात. तीस वर्षं म्हातारा त्या खिडकीत बसलाय. तिथला उजेड गेला की केसाएवढे स्क्रू कसे दिसतात बघू या.

म्हातारा म्हणाला, "खरंय, तिला उजेड हवाच." आणि स्वतः टेबलाचं एक टोक धरून ढकलायला लागला! अंगाचा तिळपापड झाला माझा. भांड ना! एकदा तरी भांड, म्हणजे मला बोलता येईल.

२८ फेब्रुवारी

भिंगरीला एक खेळ शिकवलाय. मी विचारते, "ते घाणेरडं कुणी दिलं गं?" ती बोट दाखवते — कोपऱ्यातल्या टेबलाकडे. मग मी विचारते, "आजोबा आले की काय करायचं?" ती हात झटकते. जा. माश्या हाकलतात तसा. आवाज नाही ना, म्हणून हात. फार लवकर शिकते पोर.

आज म्हातारा तिच्यासाठी चावीचा कोंबडा घेऊन आला. तिनं हात झटकला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. कोंबडा जमिनीवर एकटाच टकटक करत फिरला आणि थांबला.

मला बरं वाटलं. लिहून ठेवते. फार बरं वाटलं.

२ मार्च

दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत पाठवली. "घड्याळजी आता काम करत नाहीत." ऐकलं असणार त्यानं. पुढे आला नाही.

६ मार्च, बुधवार

आज एक गोष्ट झाली. लिहू की नको?

मी आत होते म्हणून एक गिऱ्हाईक सरळ आत शिरलं. मनगटावरचं घड्याळ काढून म्हाताऱ्याला म्हणालं, "काका, बटण संपलंय, दुसरं टाकून द्या." आणि म्हातारा म्हणाला, "बारीक लागेल याला." मी दाराशी उभी. बटण!

ते गेल्यावर डबे बघितले. चिकटवलेल्या पट्ट्यांवर त्याच्या अक्षरात — 'बटण बारीक', 'बटण मध्यम', 'बटण मोठे'. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, दहा-बारा वर्षांच्या असतील. म्हणजे हे लोक सेलला बटणच म्हणतात. सात वर्षं एका घरात आहे मी, तो त्याच्या टेबलाशी, मी माझ्या मशीनशी. मशीनच्या आवाजात कधी कान दिला नाही.

म्हणजे खोटं बोलला नव्हता.

बरं, नव्हता! मग? माझ्यासमोर कोटांचा डोंगर दिसत होता ना त्याला? मांडीवर बटणांचं ताट दिसत होतं ना? तेव्हा 'सेल' म्हणायला जीभ झिजली असती? आणि शब्द कुठलाही असो, सेल तर त्याचाच! पोरीच्या हाताला लागेल असा उघडा टाकलेला. डबे मी होते तिथे ठेवले. बरणी मात्र उद्याही चहाशेजारीच ठेवणार.

१० मार्च, रविवार

गेला. नणंद येऊन घेऊन गेली. आधी माझ्यावर तोंडसुख घेतलं तिनं — "वहिनी, माणूस आहे का दगड तू? सत्तरीचा म्हातारा अंधारात बसवलास!" मी म्हटलं, "ताई, तुमच्या पोरीच्या गळ्यात जळता निखारा घातला असता कुणी, मग विचारलं असतं." ती काही बोलणार तर म्हातारा मध्ये म्हणाला, "तिचं बरोबर आहे. चल." बापानं असं म्हटल्यावर तिनं सामान उचललं.

एक पिशवी कपडे, एक पिशवी हत्यारं. टेबल आणि डबे इथेच. मला वाटलं होतं, हा जाईल त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटेल. खिडकीपाशी बसून तीन काजं केली, तिन्ही वाकडी.

मशीनच्या खणात त्याचा सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर सापडला. काडीपेटीच्या काडीएवढा. माझ्या खणात काय काम त्याचं? विसरला असेल. फेकणार होते, बॉबिनांमध्ये तसाच पडू दिला.

१९ मार्च, मंगळवार

दुर्बीण घातली आज. अन्ननलिका एका जागी आवळत चाललीय, जखम भरताना तसं होतं म्हणे. आज आतून फुग्यासारखं फुगवून रुंद केली, आता दर तीन आठवड्यांनी करायची. प्रत्येक वेळी भूल. आणि आवाज — गळ्यातला डावा स्वरतंतू हलत नाही. सेल होता तिथून त्याची नस जाते, ती भाजली. "परत येतो का?" विचारलं. "काहींचा येतो. काही महिन्यांत येतो. काहींचा नाही." सरळ सांगतात या बाई, म्हणून मला आवडतात आणि म्हणूनच भीती वाटते त्यांची.

परत येताना रिक्षात भिंगरी माझ्या कानाशी तोंड लावून काहीतरी म्हणाली. नुसता वारा लागला कानाला.

माझं एवढंच मागणं आहे. तिचा आवाज. बाकी काही नको. सूड पण नको. नाही — सूड हवा. दोन्ही हवं.

२ एप्रिल, मंगळवार

नणंदेचा फोन. "बाबा जेवत नाहीत नीट. काही विचारलं की म्हणतात, मी नेलं पाहिजे होतं. मी त्या दिवशी स्वतः उचलून न्यायला पाहिजे होतं." मी फोन ठेवून दिला.

एक गोष्ट मी या वहीतसुद्धा लिहिली नाही. दोन महिने होत आले. वही कुणी वाचत नाही, तरी लिहिली नाही. आज लिहिते.

त्या गुरुवारी दुपारी ते फक्त 'बटण गिळलंय' एवढंच म्हणाले नव्हते. म्हणाले होते, "चकचकीत दिसलं मला तोंडात. लगेच ने दवाखान्यात. लगेच." मी म्हटलं, "कॉलर बसली की नेते." त्यांना पोस्टाच्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायला जायचं होतं, दर गुरुवारी जातात. दारातून पुन्हा वळून म्हणाले, "जातेस ना?" मी मान हलवली. कॉलर बसली. मग दुसरी बसवली. भिंगरी जरा पेंगली, मग म्हटलं निघून जाईल आपोआप, बटणच तर आहे. सहाला ते आले. विचारलं, "नेलंस ना? काय म्हणाले?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या. ओठात सहा-सात टाचण्या धरून अस्तर जोडत होते. मी म्हटलं, "हं."

टाचण्या तोंडात असल्या की हो पण 'हं', नाही पण 'हं', थांबा पण 'हं'. घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी 'हो' धरलं. कुणीही तेच धरलं असतं.

आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ना मुलाला, ना मुलीला. मी सगळ्यांसमोर त्यांना फाडत होते तेव्हा एकदा म्हणाले असते, "मी विचारलं होतं, ही हं म्हणाली," तर खेळ खलास होता माझा.

पण तरी — सेल त्यांचा. सेल त्यांचाच होता. ते उघडे टाकले नसते तर हं न् हूं, काहीच झालं नसतं. एवढं तरी मला सोडता येत नाही.

९ एप्रिल

दुसऱ्यांदा रुंद केलं. भुलीतून उठताना "आ" असा आवाज आला. खरंच आला! नर्सनंही ऐकला. घरी आल्यावर पुन्हा नाही.

१४ एप्रिल, रविवार

आज सगळं लिहिते, एका दमात, नाहीतर लिहिणार नाही.

सकाळी नवरा बाजारात चालला होता. म्हटलं, माझ्या चिमट्याच्या दिव्याला सेल आणा, दोन महिने टॉर्च दातात धरून सुई ओवतेय. तो म्हणाला, "कुठल्या नंबरचा?" मी काय जाणे! उघडून बघते म्हटलं. त्या दिव्याच्या मागच्या झाकणाचा स्क्रू वर्षापूर्वीच पडलाय. मी त्यावर चिकटपट्टी लावलेली, तीही सारखी सुटायची, पुन्हा दाबून ठेवायची. तसं चाललं होतं.

आज पाहिलं तर चिकटपट्टी नाही. झाकण घट्ट. तिथे एक स्क्रू. इवलासा, चकाकता, घड्याळाच्या पोटात असतो तसा.

माझ्या नखानं निघेना. खणात तो काडीएवढा स्क्रूड्रायव्हर होता. बरोबर बसला. झाकण उघडलं. आत रिकामं. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नंबर कोरलेला — दोन शून्य तीन दोन.

नवरा म्हणत होता, "काय गं, काय नंबर?" मला ऐकूच येईना. पुढच्या खोलीत गेले. बरणी त्या कोपऱ्यातल्या टेबलावरच होती, मीच ठेवलेली. भिंग नव्हतं, उजेडाकडे धरली. काळ्या बाजूवर काही दिसत नाही. दुसऱ्या बाजूवर दिसतं. दोन शून्य तीन दोन.

मग डबे उघडले. 'बटण बारीक', मसुराएवढे. 'बटण मध्यम'. 'बटण मोठे' — त्यातलं सगळ्यात मोठं काढून टेपवर ठेवलं. अकरा मिलिमीटर. शर्टाचं बटण. बरणीतला सेल ठेवला. वीस. कोटाचं बटण.

अठरा वर्षं शिवतेय मी. गिऱ्हाईक दारात उभं असताना सांगू शकते, याला अठ्ठावीसची कंबर लागेल. बटण तळव्यावर घेतलं की काज केवढं पाडायचं ते न मोजता कळतं मला. आणि ही बरणी रोज सकाळी माझ्या हातांनी उचलून त्यांच्या कपाशेजारी ठेवत होते, तिथेच ते डबे होते, हातभर अंतरावर. एकदाही दोन्ही शेजारी धरून पाहिले नाहीत. मला पाहायचंच नव्हतं.

त्यांना भिंगातून तेव्हाच दिसलं. त्यांच्या टेबलावर एवढा सेल कधी नव्हताच. म्हणून माझ्या मशीनशी आले होते, आणि मी हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी मी तपासणीच्या रांगेत असताना स्क्रू बसवून ठेवला. मला रिकामं दिसू नये म्हणून? की कधी नवा सेल घातलाच तर पुन्हा पडू नये म्हणून? दोन्हीसाठी असेल. आणि वर स्क्रूड्रायव्हर ठेवून गेले, कारण झाकण कधी ना कधी उघडावं लागणारच. त्या दिव्याच्या नावाखाली मी त्यांची खिडकी घेतली, आणि ते म्हणाले, तिला उजेड हवाच.

भिंगरी माझ्या पायाशी बसलेली असते. वर बघते तर आई ओठात चकचकीत काहीतरी धरून बसलेली. तिला पडलेलं सापडलं, तिनंही धरलं असेल. तसंच.

नवऱ्याला सगळं सांगितलं, 'हं'सकट. तो बराच वेळ बाहेर जाऊन उभा राहिला. आत आल्यावर म्हणाला, "फोन तू करायचास."

१५ एप्रिल

केला. नणंदेनं उचलला, त्यांना दिला. मी म्हटलं, "बाबा, तो सेल माझ्या दिव्याचा होता." म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?" जसं काही मीच एखादं गुपित फोडलं! मी म्हटलं, "तुम्ही का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "अगं, पोर आजारी. आईनं उभं राहायला नको? रागावर माणूस उभं राहतं. मला काय, मी बसूनच काम करतो."

मला रडता आलं नाही. लाज एवढी होती की रडणंसुद्धा आगाऊपणा वाटला. म्हटलं, या. म्हणाले, "आवाज आला का तिचा?" नाही म्हटलं. "येईल. थांबलेलं घड्याळ नि बिघडलेलं घड्याळ यात फरक असतो."

१७ एप्रिल

टेबल परत खिडकीपाशी. बरणी दवाखान्यात नेऊन दिली, ते इतर आईबापांना दाखवतात म्हणे. टाचण्यांना मनगटावर बांधायची उशी शिवली.

१९ एप्रिल

भिंगरीला नवा खेळ शिकवतेय. "आजोबा चांगले. आजोबा आले की काय करायचं? पापी द्यायची." ती माझ्याकडे संशयानं बघते आणि हात झटकते. पुन्हा सांगितलं. पुन्हा झटकला. चूक केल्यासारखं घाबरून माझ्याकडे बघते, शाबासकीची वाट बघत.

२१ एप्रिल, रविवार

आले. दाराशी बाबा, हातात ती हत्यारांची पिशवी आणि ते लाल-निळ्या काट्यांचं घड्याळ, मागे नणंद. भिंगरी माझ्या पायांमागे. मी वाकून पाया पडणार तेवढ्यात ती पुढे झाली, हात झटकला आणि म्हणाली —

"आजोबा, जा!"

खणखणीत. गल्लीत ऐकू जाईल असं. दोन महिने आणि दहा दिवसांनी.

बाबांच्या हातातली पिशवी खाली पडली. "ऐकलंस? अगं, ऐकलंस का! आवाज आला! पुन्हा म्हण बाळा, पुन्हा म्हण!" ती पुन्हा म्हणाली. ते टाळ्या वाजवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हसत होते. ती म्हणत होती, जा, जा, जा. मी म्हटलं, बाबा, आत या ना. ते दाराबाहेरच उभे राहिले, ती जा म्हणाली होती ना.